सतरा क्रमांकाचा रविवार

४ जून

मास्तर,

वरती 'प्रिय' नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. असल्या गोष्टींवर तुझं लक्ष फार. आई गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही आणि पुढेही लिहिणार नव्हते. पण तू आपणहून माझ्या कामात तंगडी घातलीस, तेव्हा आता वाच.

आरोग्य संशोधन निधी मंडळाकडून आमच्या हॉस्पिटलला अहवाल आला. आमच्या प्रकल्पाचा शेवटच्या टप्प्याचा निधी नामंजूर. तीन परीक्षकांपैकी दोघांनी 'द्यावा' म्हटलं होतं, पण तिसऱ्यानं असा काही दणका दिला की त्या दोघांचं म्हणणं वाहून गेलं. परीक्षकांची नावं गुप्त असतात. तिसऱ्याचं नाव मला सातव्या पानावर कळलं.

सातव्या पानावर एक तक्ता आहे. खटकलेल्या आकड्यांभोवती परीक्षकानं पेनानं चौकटी काढल्यात, आणि प्रत्येक चौकट तीनच बाजूंची आहे, उजवी बाजू उघडी. मी नववीत होते आणि तू सातवीत, तेव्हा तू माझी गणितं तपासायचास. आई कौतुकानं तुला 'मास्तर' म्हणायची आणि मी दात-ओठ खात समोर बसायचे. चुकलेल्या उत्तराभोवती तू अशीच चौकट काढायचास. चौथी बाजू कुठे गेली म्हणून विचारलं तर म्हणायचास, "उत्तराला बाहेर पडायला दार नको का, ताई?" छप्पन्न वर्षांचा झालास, संख्याशास्त्राचा प्राध्यापक झालास, मंडळावर जाऊन बसलास, पण खोड काही गेली नाही.

आता म्हणशील, ताईचा या प्रकल्पाशी काय संबंध? अर्जात डॉक्टरबाईंचं नाव आहे, दोन मदतनीस डॉक्टरांची नावं आहेत आणि खाली एक ओळ आहे : 'परिचारिका – एक'. ती एक म्हणजे मी.

काम काय चालतं ते तू कागदावर वाचलंयस, मी हातानं करते. दंडाच्या आतली बाजू बधिर करून पेन्सिलीच्या मागच्या रबराएवढी गोल जखम करतात. ती बंद होईपर्यंत मी रोज तिचा फोटो काढते, बाजूला मोजपट्टी चिकटवून. माणसाला एक नोंदवही दिलेली असते. सकाळी आठ, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ, अशा चार वेळांना त्यात आकडे लिहायचे : राग किती, भीती किती, दुःख किती, समाधान किती, शून्य ते दहा. मनगटावर नाडीचे ठोके टिपणारा पट्टा. एकशे साठ माणसं. त्यातली ऐंशी घरच्या आजाऱ्याचं वर्षानुवर्षं करणारी, ऐंशी तसं कुणी घरात नसलेली, वय बघून जोड्या लावलेली. करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. एकदा सुरुवातीला बघितलं, एकदा वर्षानं. मधल्या काळात बऱ्याच घरांतले आजारी गेले. तिसऱ्यांदा बघायचं ते यासाठी, की माणूस गेल्यावर, करणं संपल्यावर, करणाऱ्याचं अंग पुन्हा पहिल्यासारखं भरून येतं की नाही. तू नेमकं तेच तिसरं मोजमाप कापलंस.

वर लिहितोस : 'भावना ही खासगी बाब असून तिच्या मोजमापावर जनतेचा पैसा खर्च करणे समर्थनीय नाही.' खासगी काय? मग त्या खासगी बाबीनं माणसाचा रक्तदाब चढतो, साखर वाढते, पाय चिघळतो, तेव्हा ते दुखणं सरकारी दवाखान्यात का येतं? तेव्हा खाट जनतेची असते, औषध जनतेचं असतं आणि ड्रेसिंग करणारी मीही जनतेच्याच पगारावर असते. पण आधीच विचारलं, की बाई, का गं तुझी जखम भरत नाही, तर लगेच उधळपट्टी! पेपरातही आलं, 'रडण्यासाठी सरकारी अनुदान?' आमच्या कँटीनमध्ये कुणीतरी ते कात्रण भिंतीवर लावलं. लिफ्टमन मला रोज विचारतो, "सिस्टर, आजचा कोटा रडून झाला का?"

आणि सगळ्यात वरताण म्हणजे क्रमांक सतरा. तुझं म्हणणं, सतरा क्रमांकाच्या बाईनं सातपैकी सहा रविवारी अकरा वाजता राग नऊ लिहिलाय आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या नाडीचे ठोके आठवड्यातले सगळ्यात कमी आहेत. एवढा संतापलेला माणूस एवढा शांत असूच शकत नाही, सबब नोंदी बनावट, सबब बाकीच्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. एका बाईच्या सहा रविवारांवर तू एकशे साठ माणसांची तीन वर्षं मातीत घातलीस.

सतरा क्रमांकाची बाई मला माहीत आहे. शिवणकाम करते. खोटं लिहिण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. अपिलाला तीस दिवस आहेत, त्यातला आजचा पहिला. आक्षेप मागे घे.

तुझी कुणीही नसलेली,
परिचारिका – एक


१५ जून

मास्तर,

पत्र मिळालं. सख्ख्या बहिणीला टाइप करून पत्र पाठवणारा माणूस मी पहिलाच पाहिला. खाली सही, सहीखाली हुद्दा. हुद्दा कशाला लिहिलास? मी विसरेन अशी भीती वाटली?

तू लिहितोस की ताई या प्रकल्पात आहे याची कल्पना नव्हती, असती तर आधीच बाजूला झालो असतो. पटलं. मी कुठे काम करते हे तू कधी विचारलंच नाहीस, मग कल्पना कुठून येणार? 'दवाखान्यात असते' एवढ्यावर तुझं भागत होतं. पण पुढे म्हणतोस की नात्याचा भाग सोडला तरी आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो कायम आहे. 'सदर शिवणकाम करणाऱ्या महिलेशी मंडळाचे बोलणे करून देता येईल काय?'

येईल की. बोल. सदर महिला मीच आहे.

डोळे चोळू नकोस, बरोबर वाचलंस. सतरा क्रमांक मी. जखम माझ्या डाव्या दंडावर झाली, आई जाण्याच्या तीन महिने आधी. भरायला अठ्ठेचाळीस दिवस लागले. शिवणकाम हे थोतांड. मला बटणसुद्धा धड लावता येत नाही, हे तुला तुझ्या शाळेच्या शर्टांवरून आठवत असेल.

आणि रविवारी अकरा वाजता काय व्हायचं, तेही तुला माहीत असायला हवं, कारण ते तूच करायचास. तुझा फोन यायचा.

चार वर्षं, दर रविवारी, अकराच्या ठोक्याला. घंटी वाजली की आईचा चेहरा असा काही उजळायचा की मला तो बघवत नसे. आठवडाभर माझ्याकडे बघून कण्हणारी बाई तुझ्याशी बोलताना खुदकन हसायची. "मी अगदी मजेत आहे रे! ताई करते की सगळं." तासाभरापूर्वीच तिनं माझ्या अंगावर पेजेची वाटी भिरकावलेली असायची. ते तुला कळत नसे, कारण तुझ्यासाठी ठेवलेली आई वेगळी होती. आणि बोलणं संपलं की तू मला फोनवर बोलवायचास. "औषधं वेळच्या वेळी देतेस ना? पाठ बघतेस ना रोज? दर दोन तासांनी कूस बदलायची असते बरं का, ताई. मी वाचलंय."

वाचलंय! तीस वर्षं मी परक्या माणसांच्या पाठी जपल्या. माझ्या हाताखालच्या एकाही पेशंटला फोड आला नाही, आणि तू मला फोनवरून कूस बदलायला शिकवत होतास. मग शेवटी, "चल, पुढच्या रविवारी," आणि ठेवून द्यायचास. त्या वेळी कागदावर नऊ लिहिलं हे माझे उपकार समज. दहाच्या पुढे आकडा नव्हता.

तेव्हा राग बनावट नाही. तो तुझा आहे, घरपोच मिळाला म्हणून सही करून घे. राहता राहिली नाडी. पट्टा सैल झाला असेल. माझं मनगट तेव्हा काडीसारखं झालं होतं.

ताई


२० जून

मास्तर,

तू माणूस आहेस की रबरी शिक्का?

मी सांगते की तुझ्यामुळे माझं काळीज पोळत होतं, आणि तू उलट टपाली कळवतोस की प्रकल्पातल्या कर्मचाऱ्यानं स्वतःच प्रकल्पात भाग घेणं नियमबाह्य आहे, ही बाब मंडळाच्या कानावर घालणं तुला भाग आहे, मी एक तारखेपर्यंत डॉक्टरबाईंना स्वतः सांगितलं तर ठीक, नाहीतर तू कळवशील. वर 'कृपया गैरसमज नसावा'. कसला गैरसमज? समज अगदी पक्का झालाय.

मला नियम माहीत नव्हता असं वाटतं तुला? माझ्या टेबलामागच्या भिंतीवरच टांगलाय. माझी चूक काय झाली तीही ऐक, म्हणजे कळवताना तपशील कमी पडायला नकोत. सतरा क्रमांकाची खरी बाई पहिल्याच दिवशी सोडून गेली. खुर्चीत बसली होती, बाही वर केली होती, आणि घरून निरोप आला की नवरा गेला. बाही खाली करून ती निघून गेली. माझ्या वयाची होती. भरतीचा तो शेवटचा दिवस होता. जागा रिकामी राहिली तर तिच्या जोडीचा माणूसही बाद होणार होता. डॉक्टरबाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी दुसऱ्या हॉस्पिटलमधून एक डॉक्टर आले होते. मी आत जाऊन युनिफॉर्म उतरवला, घरची साडी नेसले आणि रांगेत जाऊन बसले. सकाळपासून त्या डॉक्टरांना हातमोजे मीच देत होते. त्यांनी माझा दंड बघितला, जखम केली, पट्टी लावली आणि मान वर न करता म्हणाले, "पुढे कोण?" वर्षानं दुसरं मोजमाप झालं तेव्हाही तेच आले होते. तेव्हाही ओळखलं नाही.

जागा भरायची म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि तुलाही तेच सांगते आहे. प्रकल्पासाठी केलं. घे लिहून.

शेवटी तू विचारतोस, पाचव्या रविवारी काय झालं? त्या दिवशी राग एक, भीती नऊ आणि नाडी सगळ्यात जास्त, म्हणजे बाकीच्या सहा रविवारांच्या बरोबर उलटं. पट्टा सैल असता तर त्या दिवशीही सैलच असायला हवा होता, असं तुझं म्हणणं. हुशार आहेस. लहानपणापासूनच होतास.

त्याचं उत्तर तुला मिळणार नाही. आधी तू सांग, त्या रविवारी फोन का केला नाहीस? तारीख देते, सतरा फेब्रुवारी. काय तो शास्त्रीय खुलासा कर.

ताई


२८ जून

मास्तर,

पोस्टकार्ड आलं. हातानं लिहिलेलं. एकच शब्द आणि खाली सही, या वेळी हुद्दा नाही. 'विसरलो.'

मला वाटलं होतं की परिषद होती, विमान चुकलं, मुलीची परीक्षा होती, असं काहीतरी येईल. फाडायच्या तयारीनंच मी कार्ड हातात घेतलं होतं. विसरलास म्हणे. आई दोन वाजेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसली होती. मध्येच मला म्हणाली, "घंटी नीट वाजते ना गं? तू तुझ्या फोनवरून करून बघ." मी करून बघितला. वाजला. तिनं घाईघाईनं कानाला लावला, आणि पलीकडे मी होते. पुन्हा विसरायला लागलास की एवढं मात्र आठव.

डॉक्टरबाईंना सांगितलं. तुझ्या एक तारखेच्या धमकीला भिऊन नव्हे. अपिलाचा मसुदा करायला त्या बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, सतरा नंबरला फोन लावा. त्या बाई मंडळासमोर येऊन बोलल्या तर आपण जिंकलो." माझ्या हातात फोन दिला. नंबर कुणाचा लावणार? माझाच फोन माझ्या खिशात वाजला असता.

मी म्हटलं, "बाई, ती इथेच आहे."

त्यांना आधी कळलंच नाही, दाराकडे बघायला लागल्या. मग मी बाही वर केली. दोन बारीक पांढरे ठिपके आहेत, एकाखाली एक. तसे दीडशेवर हात त्यांनी बघितलेत. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं तुम्ही मला रोज चहा आणून दिलात, आणि हे पोटात ठेवून?"

"हो."

"का पण? जागा भरायला म्हणू नका. मी दहा माणसं आणली असती."

तुला जे सांगितलं तेच त्यांना सांगायला निघाले होते, पण तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, "मला कुणी विचारत नव्हतं, बाई. आईला कसं वाटतं ते सगळे विचारायचे. शेजारी, डॉक्टर, भाऊ. त्या वहीत दिवसातून चार वेळा विचारलं होतं, तुम्हाला कसं वाटतं. कागद का असेना. मला ती वही हवी होती." आणि मी रडले. भर दुपारी, जनतेच्या पैशानं विकत घेतलेल्या खुर्चीत बसून. लिफ्टमनला कळव.

बाईंनी सतराची फाइल काढली. म्हणाल्या, "पट्टा सैल होता हे मला पटत नाही. तुम्ही बांधलेला पट्टा आजवर सैल निघालेला नाही. रविवारी अकराला तुम्ही काय करत होता?"

तर आता ऐक, मास्तर. तुला सांगायची इच्छा नाही, पण तुझ्याशिवाय दुसरं हे कुणाला कळणारही नाही.

तुझा फोन यायचा, मी आईच्या हातात द्यायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. ओट्याजवळ स्टूल होतं. त्यावर बसायचे, चहा गाळून घ्यायचे आणि गरम असतानाच प्यायचे. आठवड्यात तो एकच चहा मला गरम मिळायचा. वीस मिनिटं ती मला हाक मारत नसे. वहीत नऊ लिहायचे ते अगदी मनापासून, पण बसून लिहायचे. बाकीचे सगळे आकडे मी उभ्यानं लिहिलेत. मला तुझा राग येत होता आणि मी तुझ्या फोनची वाट बघत होते, आईइतकीच. तुझा आवाज नको होता. तुझी वीस मिनिटं हवी होती. पाचव्या रविवारी ती मिळाली नाहीत. हा आता कायमचाच बंद झाला तर मी कधी बसू, या भीतीनं माझी नाडी पळत होती. तुझी काळजी वाटली असं समजून फुशारू नकोस.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोटंच लिहायचं असतं तर तुम्ही दोन्ही जुळवून लिहिलं असतं, सिस्टर. हे जुळत नाही म्हणूनच मला खरं वाटतं. पण मला हे वापरता येणार नाही."

सतरा क्रमांक काढून टाकणार. त्याची जोडी म्हणजे सत्त्याण्णव, तीही जाणार. सत्त्याण्णव म्हणजे ग्रंथालयात काम करणारी एक बाई. दोन्ही वेळी एकही दिवस न चुकता आली, एकदा तर तापात आली. तिला फोन करून 'तुमची माहिती बाद झाली' हे सांगायचं काम बाईंनी मलाच दिलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "माझं काही चुकलं का हो?" तुझ्यावर इतकी वर्षं रागावले, पण त्या क्षणाइतका राग मला कुणाचाच आला नव्हता, आणि तो तुझा नव्हता.

तुझा अजून आहेच. जागा सोडून कुठेही गेलेला नाही.

ताई


१९ जुलै

मास्तर,

तुला मंडळाकडून कळलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. तिसरं मोजमाप मंजूर झालं. पुढचा नवा प्रकल्प मात्र नाही. 'भावना आणि आरोग्य या विषयाचा प्राधान्यक्रम यथावकाश ठरवण्यात येईल' असं लिहिलंय, म्हणजे आमच्या निवृत्तीनंतर. पण तिसरं मोजमाप होणार. एकशे अठ्ठावन्न माणसं.

तू मंडळाला लिहिलेलं पत्र डॉक्टरबाईंनी मला दाखवलं. तू या परीक्षणातून बाजूला झालास, बहिणीचं नातं उघड केलंस, आणि क्रमांक सतराबद्दल लिहिलंस : 'सदर नोंदी नियमबाह्य आहेत, तथापि त्या खऱ्या आहेत याची परीक्षकास व्यक्तिशः खात्री आहे. संबंधित रविवारी फोन करणारी व्यक्ती प्रस्तुत परीक्षकच होय.' तुझ्या त्या 'प्रस्तुत परीक्षकच होय' वर मी हसले, म्हणजे फार नाही. चारचौघांसमोर स्वतःचं नाक कापून घेणं तुला जड गेलं असणार. जड गेलं असलं तर मला बरं वाटेल.

पण म्हणून फिटलं असं समजू नकोस. आई गेली तेव्हा तू तीन दिवस आलास आणि चौथ्या दिवशी बॅग भरताना मला म्हणालास, "आता तू मोकळी झालीस, ताई." ते मी विसरलेले नाही. मोकळी! त्यानंतर नऊ महिन्यांनी दुसरी जखम झाली, ती भरायला मला पंचेचाळीस दिवस लागले, अठ्ठेचाळीसऐवजी. नऊ महिन्यांच्या मोकळेपणात मी तीन दिवस बरी झाले होते. सत्त्याण्णव नंबरच्या बाईला दोन्ही वेळी अडतीस लागले.

मला प्रकल्पातून काढलं. नोकरी राहिली, बाईंनी शब्द टाकला म्हणून. आता खालच्या मजल्यावर ड्रेसिंगच्या खोलीत असते. काल वरून नवी परिचारिका आली होती, फोटो कसा काढायचा ते विचारायला. मोजपट्टी कुठे चिकटवायची, उजेड कुठून घ्यायचा, सगळं तिला नीट शिकवलं. पुढच्या सोमवारी तिसरं मोजमाप सुरू होईल. ज्यांचे आजारी गेले, त्या सगळ्यांना झिजलेलं आपलं अंग सावरलं की नाही ते कळेल. कुणाला अडतीस दिवस, कुणाला चाळीस. सतरा क्रमांकासमोर रेघ असेल. मी नियम मोडला, त्याची शिक्षा झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन वर्षं ज्या प्रश्नासाठी मी लोकांचे हात हातात घेतले, त्याचं माझ्यापुरतं उत्तर मला मिळणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मी बरी झाले का, हे मला जाणून घ्यायचं होतं.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, रविवारी अकराला फोन करू का? हातानं लिहिलंयस आणि प्रश्नाभोवती चौकट काढलीयस, तीन बाजूंची. लाडात येऊ नकोस.

करू नकोस असंच लिहिणार होते. तीन वर्षं झाली, त्या वेळी मी मुद्दाम काहीतरी काढून बसते. कपडे धुते, कपाट आवरते, जिना झाडते. स्टूल माळ्यावर टाकलंय. तरी अकरा वाजले की हातातलं काम थांबतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कर. पण आईच्या आठवणी काढायच्या नाहीत. तब्येतीवर व्याख्यान द्यायचं नाही. तू काय वाचलंयस ते मला सांगायचं नाही. मी फोन उचलला की आधी विचारायचं, ताई, राग किती? मी आकडा सांगेन. तो बराच मोठा असेल आणि पुढचे पुष्कळ रविवार मोठाच राहील. तू फक्त लिहून घ्यायचा. मग भीती किती, दुःख किती, समाधान किती, तेही विचारायचं, ओळीनं, एकही न गाळता. आणि आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तरी चौकट काढायची नाही.

स्टूल मी खाली काढून ठेवते.

ताई